ओढणीवरचा बॅज

जानेवारी लागला की लोकांना हुरडा आठवतो, मला धडकी भरते. आता कुणी म्हणेल, बाई गं, पुण्याची थंडी ती केवढी आणि तिला भ्यायचं काय! थंडीला नाही हो. परवा स्वारगेटला बसची वाट बघत उभी होते. हातगाडीवर बोरांचा ढीग, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या, शेजारच्या दुकानात काचेआड काळ्या कापडावर मांडलेले हलव्याचे दागिने. कुठूनतरी तीळ भाजल्याचा वास आला आणि माझा हात आपोआप छातीशी गेला, डाव्या बाजूला, जिथे कामावर असताना मी बॅज लावते तिथे. बॅज अर्थातच नव्हता. तो प्रयोगशाळेतच ठेवून यायचा असतो, आणि निघताना मीच तो रोज खुंटीला टांगते. तरी काळजात चर्र झालं, आणि समोरून वारज्याची बस निघून गेली.

बॅज म्हणजे काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी. किरणोत्साराजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने ती अंगावर लावायची. ती वाजत नाही, तिच्यात दिवा लागत नाही, ती नुसती बसून असते. तीन महिने झाले की ती तपासायला जाते आणि मग कधीतरी कागद येतो की या माणसाच्या अंगावर इतकी इतकी किरणं पडली. म्हणजे घाबरायचं संक्रांतीला आणि उत्तर मिळायचं पाडव्याला. मधले दिवस कसे काढायचे ते काही कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

मी मूळची यवतमाळची. एम.एस्सी. झाल्यावर पुण्यात आले, वारज्यात दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि शहराच्या एका टोकाच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. आम्ही तिथे एक पेटी बनवत होतो. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण आम्हा तिघांच्या तोंडी ती पेटीच. तिचं काम न्यूट्रॉन पकडायचं. न्यूट्रॉन हा मोठा बेरकी. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. भिंतीतून, माणसातून सरळ निघून जातो, आणि जाता जाता आत कुठेतरी धक्का देऊन जातो. त्यातले फार जोरात धावणारे तर नेहमीच्या यंत्रांना धड दिसतही नाहीत. कर्करोगावरच्या उपचारांची जी मोठी यंत्रं असतात, त्यांच्याभोवती असले न्यूट्रॉन उडतात. तिथे राबणाऱ्या माणसांना ते वेळीच कळावेत म्हणून आमचा खटाटोप. पेटीच्या तोंडावर पॉलिथिनची जाड पाटी बसवलेली. न्यूट्रॉन तिच्यावर आपटला की तिच्यातून प्रोटॉन उडतो, तो आतल्या वायूत घुसतो, वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि केसाहून बारीक सोनेरी तारा ते गोळा करतात. पडद्यावर आकडा एकाने वाढतो. त्याला आम्ही ठोका म्हणायचो.

तारा ओढायचं काम शेखकाकांचं. काका आमचे तंत्रज्ञ, निवृत्तीला आलेले. त्यांच्या घराण्याचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून डोळ्याला भिंग लावून बसले की आजोबांपासूनचे हात कामाला लागायचे. तार ओढताना ते श्वास रोखायचे आणि मलाही रोखायला लावायचे. "बेटा, इथे शिंकायचं असेल तर आधी अर्ज द्यायचा." तारेवर धुळीचा कण राहिला, बारीकसा काटा राहिला, की तिथे ठिणगी पडणार आणि महिनाभराचं काम पाण्यात. आमच्या मुग्धाताईच्या सासूबाई घरी हलवा करायच्या. त्यांचा जीव हलव्याला काटा यावा म्हणून कासावीस, आमचा तारेला येऊ नये म्हणून.

मुग्धाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, कामातही वरची, आणि सदाशिव पेठेतली. पहिल्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "ताई, इथे बसू का?" तर मान वर न करता म्हणाली, "उभ्याने काम होत असेल तर उभी राहा." मी रात्री आईला फोनवर म्हटलं, व माय, इथली माणसं बोलतात की चिमटे काढतात? पण महिनाभरात कळलं, या बाईने खुर्ची दाखवली नाही तरी डबा अर्धा काढून ठेवलेला असतो.

आणि गुहा. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या त्या खोलीला सगळे गुहाच म्हणायचे. आत मेणाने भरलेला मोठा ड्रम, ड्रमच्या मधोमध खोल भोक, त्यात बोटाएवढी पोलादी नळी. तो आमचा सोर्स. त्यातून न्यूट्रॉन सुटायचे. पेटीची चाचणी घ्यायची की बाहेरून दोरी ओढून नळी वर काढायची. काम झालं की दोरी सोडून खाली मेणात उतरवायची, मेणात न्यूट्रॉन अडतात. काकांनी दोरीला लाल धागा बांधून ठेवला होता. धागा खुंटीशी आला म्हणजे सोर्स तळाला. लोकांना वाटतं असली वस्तू बंद करता येते. बंद नाही होत ती. दिवसरात्र, सणासुदीला, आपण विसरलो तरी ती सोडतच राहते. फक्त झाकता येते. मला पहिल्या दिवसापासून त्या ड्रमची भीती वाटायची. लहानपणी विहिरीत डोकावताना वाटते तशी, खाली काहीतरी आहे आणि त्याला आपण माहीत आहोत अशी.

त्या जानेवारीत गुहेच्या दाराशी असणारा, किरणं मोजणारा विकतचा मॉनिटर तपासणीला पाठवलेला होता. तो परत येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम. पण आमची पेटी होती की! सोर्स वर असला की ती भराभरा ठोके मोजायची, खाली गेला की गप्प बसायची. तिच्यावरच विसंबून आम्ही कामं उरकत होतो. आपणच बनवलेल्या वस्तूवर माणूस किती विश्वास टाकतो बघा.

भोगीच्या दुपारी सगळ्यांना लवकर निघायचं होतं. मी पेटीची वीज बंद केली, दोरी सोडली, लाल धागा खुंटीशी आला, गाठ मारली. मग वायूची बाटली बदलायला घेतली. नवी बाटली लावताना वायूचा पहिला लोंढा तारांवर जाऊ द्यायचा नसतो. तो बाजूच्या नळीने वळवायचा आणि दम ओसरला की व्हॉल्व्ह फिरवून परत पेटीतून सोडायचा. शेवटी वायू तेलाच्या छोट्याशा काचेच्या भांड्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. ते बुडबुडे मोजायचं काम माझं. मिनिटाला दहा. मी मोजले, दहा भरले, वहीत लिहिलं आणि बस पकडायला धावले. व्हॉल्व्ह परत फिरवायचा राहिला. बुडबुडे छान येत होते, पण बाजूच्या नळीतून. पेटी उपाशी होती. संक्रांतीच्या दिवशी आम्ही आपापल्या घरी तिळगूळ खात असताना तिच्यात हळूहळू बाहेरची हवा शिरली, आणि हवा शिरलेली पेटी बहिरी होते.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. मुग्धाताई आल्या आल्या म्हणाली, "किंक्रांतीला नवीन काम करत नाहीत, तेव्हा जुनंच उरकू. ती पाटी बदलून टाकते." पाटी बदलायची म्हणजे गुहेत जाऊन पेटीसमोर वाकून पंधरा स्क्रू काढायचे, लावायचे. स्वेटरचे आणि ओढणीचे धागे तारांजवळ न्यायचे नाहीत हा तिचाच नियम. तिने दोन्ही काढून माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. मी वीज चालू केली, बुडबुडे मोजले. दहा.

"किती?" तिने दारातून विचारलं.

"शून्य, ताई. जा."

हे शब्द माझे. 

ती आत गेली. मी चहा ओतून घेतला. खिडकीत ऊन आलं होतं, मी त्यात पाय सोडून बसले. पाऊण तास होत आला तेव्हा शेखकाका आले, हातात शेजारणीने दिलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा. "घे बेटा, गोड बोल." मी वडी तोंडात टाकली. काकांची नजर पडद्यावर गेली.

"कधी चालू केलीस?"

"झाला की पाऊण तास."

"आणि एकही नाही?"

"एकही नाही, काका. एकदम स्वच्छ." मी चक्क कौतुकाने सांगितलं.

काकांनी डबा टेबलावर ठेवला. "बेटा, बंद घड्याळही आवाज करत नाही."

क्षणभर मला अर्थच लागला नाही. आणि लागला तेव्हा तोंडातली वडी माती झाली. आकाशातून काही ना काही सतत पडतच असतं. चांगल्या पेटीत, सोर्स खाली असला तरी, पाच-दहा मिनिटांनी एखादा चुकार ठोका पडतोच. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! जिवंत पेटी कधी पूर्ण गप्प नसते. आणि मी त्या गप्प पेटीच्या भरवशावर एका बाईला आत पाठवलं होतं.

काका तोवर दारापाशी पोचले होते. "मुग्धा, बाहेर ये. काही उचलू नको. आहे तशी ये."

"आग लागलीय का?" आतून आवाज.

"बाहेर ये म्हणतो ना!"

काकांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ती बाहेर आली, दार लावलं. काकांनी खुंटीवरची दोरी बोटांनी उचलून पाहिली. ती सैल होती. धागा जागेवर होता, पण खाली ओढणारं वजन नव्हतं. नळी ड्रमच्या तोंडाशीच अडकली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. भोगीपासून. काकांनी दोरी थोडी वर घेतली, एक हिसका दिला, सोडली. आत धप्प आवाज झाला आणि दोरी ताठ झाली.

मुग्धाताईने पाहिलं, समजली. "किती वेळ होते मी?"

"चाळीस मिनिटं," मी म्हटलं.

तिने माझ्या खुर्चीवरून ओढणी उचलली आणि अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली. तेव्हा मला तो दिसला. ओढणीच्या काठाला, चिमट्याने लावलेला, लोंबकळणारा. तिचा बॅज. म्हणजे ती आत असताना बॅज माझ्या खुर्चीच्या पाठीवर, उन्हात, आरामात बसला होता.

मी बोलणार होते. शपथ, बोलणार होते. पण ती हात धुवायला निघाली, मी मागोमाग गेले, आणि नळ सोडून पाण्याकडे बघत ती म्हणाली, "मला दोन महिने झालेत."

मी नळ बंद केला. "अगं ताई! सांगितलं का नाहीस?"

"मागच्या वेळी सांगितलं होतं. पहिल्याच महिन्यात पेढे वाटले सासूबाईंनी. नंतर त्याच सगळ्यांना परत काय सांगायचं? म्हणून या वेळी ठरलं, तीन महिने होईपर्यंत भिंतीलासुद्धा कळू द्यायचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भिंतीला नाहीच कळलं."

दिवस राहिले की पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत सांगायचं, म्हणजे बाईला गुहेबाहेरचं काम देतात. हा नियम नव्या मुलींना वाचून दाखवायचं काम मुग्धाताईचंच होतं. पण घरच्या रीतीपुढे भिंतीवरच्या नियमाचं काय चालतं? तीन महिने बोलायचं नाही, दृष्ट लागते. मीही घरी हेच ऐकत वाढले. तिला कुठल्या तोंडाने बोलू?

सर आमचे प्रमुख. ते आले, संतापले, महिनाभर गुहेला कुलूप लावलं. झाल्या प्रकाराचा अर्ज भरला, सगळ्यांचे बॅज तातडीने तपासायला गेले, तरी उत्तर यायचं ते पाडव्यालाच. मुग्धाताईने सरांना सगळं सांगितलं आणि बाहेरच्या टेबलावर बसू लागली. मी व्हॉल्व्हची चूक कबूल केली. बोलणी खाल्ली. पण ओढणीचं बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, ती एकटी सापडली की बोलू.

त्या दिवसांत माझं एकच चाललेलं. डबा खायच्या सुट्टीत कागद घेऊन गणित करायचं. पेटीपासून ड्रमचं अंतर, चाळीस मिनिटं, अर्धी नळी मेणात. उत्तर दर वेळी तेच यायचं: लहान. पुस्तकांनी काळजीचं कारण नाही म्हणावं इतकं लहान. दुसऱ्या दिवशी परत करायचं. अंतर थोडं कमी धरून, वेळ थोडा जास्त धरून. तरी लहानच. पण शून्य नाही. गणित पटायचं हो, पोटातला गोळा काही गणित शिकलेला नव्हता. कागद खणात साठत गेले. सकाळी बसमध्ये कुणा बाईच्या कडेवर मूल दिसलं की मी मान फिरवायची. आई फोनवर म्हणायची, "काहून व, आवाज असा काहून? जेवली नाही का?" मी म्हणायची, पुण्याची थंडी, घसा बसला. मार्च आला, ऊन तापलं, माझा घसा बसलेलाच.

पाडव्याच्या आसपास कागद आला. सर स्वतः घेऊन आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. मुग्धाताईच्या नावापुढे शून्य. "बघा, मेणाने काम केलं!" सर म्हणाले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. शेखकाकांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, चष्मा पुसला. मुग्धाताईने कागद वाचला, "छान" म्हणाली, घडी घालून पर्समध्ये टाकला. सगळे माझ्याकडे बघत होते, मी आनंदाने रडेन अशा अपेक्षेने. मी पेढा तोंडात कोंबला. तो शून्य माझ्या खुर्चीच्या पाठीचा होता. तिच्या पोटाचा नव्हता. आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं. बोलावं तर तिच्या घरी आलेली झोप परत उडवायची, न बोलावं तर आपण दुसऱ्यांदा तिला खोटा शून्य वाचून दाखवतोय. काय करावं? मी काही केलं नाही. खरं सांगते, भ्याले.

आता मी नव्या मुलींना शिकवते. माझे दोन हट्ट आहेत आणि त्यावरून त्या मागे हसतात हे मला माहीत आहे. एक, बॅज कुर्त्याला लावायचा, शिवला तरी चालेल, पण ओढणीला नाही. दुसरा, दाराचा मॉनिटर काहीही म्हणो, पेटीत एक तरी चुकार ठोका पडल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. कधी पाच मिनिटं लागतात, कधी दहा. एक जण परवा म्हणाली, "मॅम, इट्स जस्ट बॅकग्राउंड, त्याच्यासाठी काय थांबायचं?" मी म्हटलं, "थांब गं बाई. घाई असेल तर बुडबुडे मोज."

मुग्धाताईला मुलगी झाली, रेवा, ती त्या वर्षीच्या गौरी-गणपतीच्या आधी. मी दवाखान्यात गेले तर हात न धुता आधी दुपट्यात डोकावले. हाताची दहा, पायाची दहा. परत मोजली. मुग्धाताई अंथरुणातून म्हणाली, "झाली का मोजून? वीसच आहेत, मी सकाळीच बघितलं." मी हसले. पण बोटं मोजून काय कळतं? ऐकू येतं का, दिसतं का, आत कुठे धक्का बसलाय का, ते कशावर मोजायचं?

आणि मग पुन्हा जानेवारी. रेवाचं बोरन्हाण. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बायका आणि मुलंच मुलं. पाच महिन्यांची रेवा काळ्या झबल्यात, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. सासूबाईंचा हात असा की एकेका दाण्याला काटा. शेखकाका दाराजवळच्या खुर्चीत संकोचून बसलेले, मांडीवर खेळण्यातलं घड्याळ. मुग्धाताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "ये, चुरमुऱ्यात बोरं मिसळ." मी परातीत हात घातला. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या.

"त्या दिवशी ओढणी तुझ्याच खुर्चीवर होती ना?" ती म्हणाली. ऊस सोलता सोलता, मीठ दे म्हणावं तसं.

माझा हात परातीतच राहिला.

"मी काढून ठेवली, मला आठवणार नाही? कागदावर शून्य बघितला तेव्हाच कळलं, हा खुर्चीचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मला रडूच फुटलं. वर्षभराचं. म्हटलं, "ताई, मी भ्याले गं. मीच म्हटलं होतं शून्य, जा. मी तुला..."

"हळू. बाहेर बायका आहेत." तिने सुरी खाली ठेवली. "तुझ्या खणात ते कागद होते ना, पन्नास वेळा केलेलं एकच गणित? त्यातला सगळ्यात वाईट आकडा मी डॉक्टरांना नेऊन दिला, तेव्हा जानेवारीतच. त्या म्हणाल्या, बाळाला याने काही व्हायला नको, पण आपण जास्त वेळा बघत राहू. सासूबाईंना शून्य दाखवला. ज्याला जे झेपेल ते." मग म्हणाली, "मी काय भ्याले नसेन? तीन वाजता उठून हिच्या नाकाशी बोट धरते मी अजून. सोमवारी दोघी जाऊ आणि सरांना सांगू. ओरडतील. ओरडू देत."

डोळे पुसून परात घेऊन बाहेर आले. रेवाला आईच्या मांडीवर बसवलं, पाच-सहा मुलं भोवती टपून. सासूबाईंनी पहिली मूठ टाकली, मग सगळ्यांनी. चुरमुरे, बोरं, हलवा खडखडत तिच्या डोक्यावरून पाटावर सांडले. मुलं तुटून पडली, एकच गलका. आणि रेवा गप्प. डोळे टक्क उघडे, हालचाल नाही, आवाज नाही. बायका म्हणाल्या, "अगं बाई, किती शहाणी! रडली नाही हो!" मी शेखकाकांकडे बघितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांच्या आणि माझ्या मनात एकच होतं: इतकी गप्प? एकही नाही? मुग्धाताईनेही मान खाली घालून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला.

एक बोर मुकुटात अडकलं होतं. ते घरंगळलं आणि टप्पदिशी रेवाच्या नाकावर पडलं.

तिने आधी खालचा ओठ काढला. मग असं भोकाड पसरलं, असं भोकाड, की मुलांनी हातातली बोरं टाकून दिली, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं आणि शेखकाका मटकन खुर्चीत बसले. मी भिंतीला टेकले.

मुग्धाताईने लेकीला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि त्या सगळ्या रडारडीवरून मला म्हणाली, "ऐकलंस ना? आता जेवून घे."